शुक्रवारची लाइट

लाइट गेली म्हणून काय बोंबलताय? काबूलचं ऐका. हॉस्पिटलच्या वायरिंगच्या कामाला गेलो होतो तेव्हाचं. लढाई थांबली होती, पण लोकांची धास्ती गेली नव्हती.

एका दुपारी आम्ही गेस्ट हाऊसवर जेवत होतो. बाहेर धाडकन आवाज झाला आणि लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता, पण ते नंतर कळलं. सगळे भिंतीला चिकटून आडवे झाले. मी आपला राजमा-भात कालवत बसलेलो.

वॉचमन रहीम ओरडला, "भाईजान, लेट जाओ!"

मी म्हटलं, "टेन्शन मत ले. आज शुक्रवार है ना? अपने अंबरनाथ में हर शुक्रवार को जाती है. पाच बजे आएगी."

रहीम सरपटत जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतो, "आपके यहाँ जंग कब खतम हुई?"