न दिसणारी ज्योत

शर्यतीआधीच्या तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते. मध्ये त्यांची जुनीपुराणी मोटरसायकल.

“ताई, बाबांच्या गाडीचा कार्बोरेटर काढून पेट्रोलऐवजी अल्कोहोल फवारणारं इंजेक्शन तूच बसवलंस ना? मग आता माघार कसली?”

“इंजेक्टरचा जोड पाझरतोय. बघ, बोट ओलं झालं.”

“एवढासा थेंब! आवळ आणि सोड.”

“आवळून आवळून हात दुखले. आतलं रबरच अल्कोहोलने फुगलंय.”

“एकच तर फेरी आहे. पेटलं तर उडी मारीन.”

“पेटलेलं कळायला तर हवं! या उन्हात अल्कोहोलची ज्योत दिसत नाही रे. अंग भाजल्यावर कळेल तुला.”

“वर्षभर राबलो आपण. आई तिकडे बघायला येऊन बसलीये.”

“म्हणूनच सांगतेय.”

“पुढची गाडी!” तपासनीस ओरडला. “इंजिनात बदल कुणी केलाय?”

“हिने. माझ्या बहिणीने.”

“बाई, सोडू का गाडी?”

“नको.”

भाऊ हँडल घट्ट धरून तसाच उभा राहिला. मग भावाने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

“बघत काय बसलीस, ताई? मागून ढकल. एकट्याने हलतेय का ही!”