परसरामभाऊंची पत्रं

वहिनी, कमला आणि जमलेली मंडळी,

उर्दू शाळेत रोज पाच तास बोलणारा माणूस मी. आज मात्र कागदावर लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

परसरामभाऊ बाइंडर गेले. फाळणीनंतर वहिनींना आणि तान्ह्या कमलाला घेऊन ते सिंधहून इथं रेवदंड्याला आले. आजोबांपासून घरात पुस्तकं बांधायचं काम. तीन पिढ्या पुस्तकं बांधली, वाचता मात्र एकालाही येत नव्हतं. पानांचे आकडे नुसते आकारावरून ओळखायचे. वाचनालयाच्या या कपाटांतलं प्रत्येक पुस्तक त्यांनी शिवलंय.

आमच्या मोहल्ल्यात मात्र ते येत नसत. उर्दू शाळेची पुस्तकं त्यांनी न बांधता परत पाठवली होती. मी कारण विचारलं नाही. तिकडे सिंधमध्ये, फाळणीच्या दंगलीत त्यांचा धाकटा भाऊ मारला गेला होता. गावाला ठाऊक होतं.

मग एक दिवस ते माझ्या दारात उभे. हातात पत्र. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून वडील सिंधमध्येच राहिले होते. वडिलांनी ते पत्र शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. भाषा सिंधी, पण लिपी आमच्या उर्दूसारखी. ती वाचणारा गावात मीच जवळचा.

"मास्तर, वाचून द्याल?" एवढंच म्हणाले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

मला सिंधी येत नाही, मंडळी. मी अक्षरं जुळवून नुसता उच्चार करायचो. अर्थ त्यांना कळायचा. चुकलो की दुरुस्त करायचे. कधी हसायचेही. असं पत्रामागून पत्र. पुढच्या वर्षी ते आत येऊन बसले. चहा घेतला. जाताना म्हणाले, "शाळेची पुस्तकं द्या."

आणि मग ते पत्र आलं. भर दुपार होती. वर्गात धडा वाचावा तसं मी खणखणीत वाचत गेलो. ते एकदाही दुरुस्त करेनात. मला वाटलं, आज आपण छान वाचतोय. संपल्यावर हसून विचारलं, "खुशाली ना, भाऊ?"

ते म्हणाले, "वडील गेले."

ती बातमी मी दिली, मंडळी. मी दिली. आणि वर हसलो.

मग म्हणाले, "उत्तर लिहा. विचारा, अग्नी कोणी दिला?"

त्यांनी सिंधीत सांगितलं, मी ऐकून तसं लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं. पोस्टमनला रस्त्यात थांबवून ते विचारायचे. आईचं काय झालं, तेही कळलं नाही. तिकडे जायची परवानगी काही मिळाली नाही. वडिलांची बातमी आली त्या आठवड्यात बांधलेल्या आमच्या एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा लागला होता. मी त्यांना कधी सांगितलं नाही.

यंदा खोकल्यानं त्यांना धरलं. कमला एकटीच दुकानात शिवायला बसू लागली. मी रोज जायचो. त्या हसण्याची माफी मागायची होती. रोज ठरवायचो आणि हवापाण्याचं बोलून परत यायचो. कशाला भ्यालो मी? मला अजून कळत नाही.

परवा कमलानं अग्नी दिला. मुलगी कशी देते, म्हणून काहीजण कुजबुजले. मी मागे सुरूच्या झाडांपाशी उभा होतो. तिनं हाक मारली, "मास्तरकाका, पुढं या. तुम्ही तिथं का?"

पुढं गेलो. तिथंही तोंड उघडलं नाही.

परसरामभाऊ, मला माफ करा.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.