वायरीतून चढलेले तेल

नाव: निकेत रविकांत तारी. वय: २३ वर्षे. शिक्षण: अकरावी, अर्धी सोडली. धंदा: मिळेल तो, सध्या घरच्या गाडीवर चालक. राहणार: मिठबाव, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणी न पढवता सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहतो. मध्ये मी रत्नागिरीला ट्रॉलरवर होतो, मग मालवणला पर्यटकांच्या बोटीवर, मग गोव्यात एका गॅरेजमध्ये गाड्या धूत होतो. तिथला मालक बरा होता, पण त्याचा कुत्रा... ते असो. वडील रविकांत यांची मच्छीमारीची होडी आहे. त्यांचा डावा गुडघा धरतो, क्लच दाबता येत नाही, म्हणून त्यांनी आपोआप गिअर पडणारी जुनी गाडी घेतली. पायांचे हे मुद्दाम सांगतो.

चतुर्थीनंतर गाडी हिसके देऊ लागली. गिअर मध्येच सुटायचा. आम्ही कसालला सत्यवान गॅरेजवाल्याकडे नेली. गिअर चालवणारा एक कॉम्प्युटरचा डबा असतो, तो त्याने उघडला. डब्याच्या प्लगात तेल होते. त्याने वडिलांना विचारले, "काका, हयसर तेल तुम्ही लावलास?" वडील म्हणाले, बॅटरीच्या टोकांना लावतो. आमच्याकडे होडीवर वायरीच्या प्रत्येक जोडाला तेल लावतात, नाहीतर खारा वारा तांबे खातो. वडिलांनी गाडीलाही लावले, पण फक्त बॅटरीला, आणि तेही खोबरेल. सत्यवान सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हसला. म्हणाला, "काका, ही होडी न्हय. फुडच्या खेपेक वल्ह्यां घेवन येवा." वडीलही हसले.

प्लग पुसून दिला. थोडे दिवस गाडी बरी चालली, मग परत तेच. तोवर वडिलांनी बॉनेटला हात लावला नव्हता. गाडीत बसायच्या आधी ते साबणाने हात धुवायचे. मी प्लग स्वच्छ पुसला आणि त्यावर माझ्या पांढऱ्या बनियनचा तुकडा गुंडाळला. जामसंड्याला जाऊन आलो. तुकडा लाल झाला. खोबरेल लाल नसते. गिअरबॉक्सचे तेल लाल असते. पण गाडीखाली एक थेंब सांडलेला नाही, आणि डबा तर वर आहे. मग तेल आले कुठून ते कळेना. आई चंद्रावती देवाकडे दिवा लावत होती. ती म्हणाली, "वात तेल वर ओढता ता दिसत नाय रे तुका?" इथे हवालदार साहेब म्हणाले, दिव्यावातीचे जबाबात कशाला. मी म्हटले, लिहा.

मी प्लगच्या खाली हातभर अंतरावर वायर सोलली. आत तांब्याच्या तारांना लाल तेल होते. वायर वरून कोरडी, आतून ओली. म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाचे सील गेले होते आणि तेल वायरीच्या आतून चढत डब्यापर्यंत जात होते.

ते मी सत्यवानला नेऊन दाखवले. त्याने वायरीकडे पाहिले नाही. म्हणाला, "गोव्यात गाडयो धुतलंस म्हणान मेकॅनिक झालंस?" मी सील बदलायला सांगितले. त्याने पुन्हा प्लग पुसला, सफाईचा फवारा मारला आणि म्हणाला, "आता खंय पण घेवन जा. फक्त बापाशीची तेलाची बाटली लपवून ठेव."

काल सकाळी आईचे डोळे दाखवायला तिघे निघालो. गाडी मी चालवत होतो. मिठबावच्या चढावर, वायरीतून चढलेले तेल प्लगात भरल्यामुळे, गिअर सुटला. मी ब्रेक दाबून धरला. वडील चाकामागे दगड लावायला उतरले. मी "बाबा, उतरू नका" असे ओरडलो. ते दगड लावत असताना गिअर अचानक लागला, गाडीने हिसका दिला, माझा पाय ब्रेकवरून क्षणभर सुटला, इंजिन बंद पडले आणि गाडी वीतभर मागे आली. वडिलांचे उजवे पाऊल चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडले. ते पहिले वाक्य बोलले ते असे: "माझ्याच तेलान झाला रे ह्या."

इस्पितळात त्यांची दोन बोटे काढली. होडीवर ते उजव्या पायावर जोर देऊन उभे राहतात.

पोलीस येण्याआधी सत्यवान शहाळी घेऊन त्यांच्या खाटेशी बसला होता. "जावंदे काका, चूक सगळ्यांचीच होता," असे तो म्हणत होता. मी त्याची कॉलर धरली. ते खरे आहे. त्याचे वेगळे लिहायचे असेल तर लिहा. नंतर वडिलांनी पोलिसांना सांगितले की, "तेल मी लावले, चूक माझी, कोणाविरुद्ध तक्रार नाही." ते सत्यवानचे बोलणे आहे, फक्त तोंड वडिलांचे. ते बोलणे कायम राहू नये म्हणून मी आलो आहे.

गाडी ठाण्याच्या आवारात आहे. वडिलांची खोबरेलची बाटली मी आणून टेबलावर ठेवली आहे. पंचांसमोर वायर कापा आणि दोन्ही तेले शेजारी ठेवून बघा.

जबाब मला वाचून दाखवला. चढावर गिअर सुटला त्या वाक्यात 'वडिलांनी लावलेले तेल' असे लिहिले होते. हवालदार साहेब म्हणाले, "दोन शब्दांनी काय होता रे? बापूसच तसा बोललो." मी सही केली नाही. मग 'वडिलांनी लावलेले' खोडून 'वायरीतून चढलेले' असे लिहिले. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे. आता मी सांगितले तसे आहे.