फिलूमावशीचं रेडिओला पत्र

आमच्या वसईतल्या नंदाखालच्या फिलूमावशीने परदेशातल्या रेडिओला चूक कबूल करायला लावली होती, ठाऊक आहे का तुम्हाला? पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. गावात रेडिओ एकट्या मास्तरांकडे. रविवारी चर्चमधला मिस्सा सुटला की आम्ही सगळे तिथे परदेशी केंद्राचा मराठी कार्यक्रम ऐकायला जायचो. एकदा निवेदक म्हणाला, "वसईची सुकेळी तुपात तळतात."

मावशी ताडकन उठली. "तळतात? मग मी राजेळी केळी दिवसच्या दिवस उन्हात वाळवते, ती काय उगाच? मास्तर, घ्या कागद!"

पत्र गेलं. सोबत पुरावा म्हणून केळीच्या वाळक्या पानात घट्ट बांधलेली सुकेळीही गेली. पुढे दोन महिने दर रविवारी मास्तरांचं अंगण भरायचं. आणि एकदाचा तो निवेदक बोलला, "नंदाखालच्या फिलूबाई, चूक आमचीच. सुकेळी उन्हातच वाळवतात."

असा गलका झाला म्हणून सांगू! मास्तर ओरडले, "गप्प बसा रे, अजून बोलतोय तो!"

"तुमची सुकेळी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. आतून फार गोड. वरची साल मात्र चिवट लागली."

मावशीने कपाळावर हात मारला. "मेल्यांनी पानासकट खाल्ली! मास्तर, घ्या कागद!"