आणखी मोठा दिवा

शोभेच्या माशांच्या दुकानात मास्तर खाद्याचा डबा घेऊन उभे होते. पुढच्या बाईंचं आटोपेपर्यंत ऐकत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“टाकीतल्या झाडांसाठी दिवा हवाय. मागच्यापेक्षा मोठा.”

“अहो ताई, मागच्याच महिन्यात मोठा नेलात की. जास्त उजेडानं शेवाळ धरतं.”

“धरलंय. पानं पार काळी पडली.”

“मग उलट लहान न्या, आणि रात्री बंद ठेवत जा. झाडं जगतील.”

“आमचे हे म्हणतात, उजेड कमी पडतोय, झाडं नीट दिसत नाहीत.”

“काच पुसून बघा.”

“रोज पुसते.”

“पाणी गढूळ असेल.”

“पाणी स्वच्छ आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. यांना मी अजून काही बोलले नाहीये.”

“आणि पानं काळी पडलीत, ते?”

“नवी पालवी फुटलीय म्हणून सांगते. काल म्हणाले, अगं, दिवा लाव की. लावलेलाच होता.”

दुकानदारानं हातातला दिवा परत फळीवर ठेवला.

“मग एलईडी नको. जुना, पिवळा बल्ब देतो. झाडांच्या काही कामाचा नाही, पण तापतो चांगला. हात जवळ नेला की दिवा लागलाय हे कळेल त्यांना.”