धाकातले घोडदळ

जबाब देणार : फोटोफ्रेमवाल्यांचा धाकटा भाऊ, ओळखीत 'तोफ'. वय २१ वर्षे. शिक्षण : कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले. धंदा : भावाच्या दुकानात काच कापणे, फ्रेम जोडणे. राहणार : दुकानामागील खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी दादा व वहिनीसह राहतो. दुकानाच्या वर मामांचा हॉल आहे. ते माझे कोणी लागत नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. तेथे रविवारी दुपारी आम्ही काही जण टेबलावर जुन्या काळच्या लढाया खेळतो. बोटाएवढे शिशाचे सैनिक एका पट्टीवर चिकटवलेले असतात. अशी एक पट्टी म्हणजे एक पथक. मामांची सख्खी भाची ते सैनिक रंगवते व डावात पंच असते. तिला सगळे पंचबाई म्हणतात. काल तिच्या अंगात निळा शर्ट होता व मनगटाला लाल रंग लागला होता. हे सांगायची गरज नाही असे साहेब म्हणाले, पण तोवर लिहून झाले होते.

काल माझा डाव कवळीशी होता. तो दातांच्या कवळ्या बनवतो, म्हणून हे नाव. त्याच्याशी माझे वैर नाही. पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, मध्यंतरी पंचबाईंनी बारीक ब्रश कसा धरावा हे त्याच्याकडून शिकून घेतले. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरते बोलत होतो.

खेळाचा नियम असा की, प्रत्येक पथकासमोर पट्टीच्या रुंदीएवढा टापू त्याच्या धाकात असतो. शत्रू त्यात आला की समोर भिडायचे, नाहीतर सरळ मागे जायचे. आडवे निसटून दुसऱ्या कोणाच्या बगलेवर जाता येत नाही. बगल मिळाली तर मात्र फायदा मोठा असतो. समोरून आणि बगलेतून घेरलेले पथक हरले की त्याला मागे हटता येत नाही, ते टेबलावरून उठते.

माझे घोडदळ कवळीच्या भालेकऱ्यांसमोर होते. शेजारी त्याचे धनुर्धारी माझ्या पायदळाशी लढत होते. मी घोडदळ आडवे काढून धनुर्धाऱ्यांच्या बगलेला लावले. कवळी म्हणाला, "अरे, घोडं आहे का खेकडा? धाकात होतास तू."

मी म्हणालो, "डोळे तपासून घे आधी."

"मग होतं तिथे परत ठेव. पंचबाई मोजतील."

मी परत ठेवले. पण होते तेथे ठेवले नाही. नखभर बाहेर ठेवले. पंचबाई मोजपट्टी आणायला वळल्या होत्या.

पंचबाईंनी वाकून मोजले व म्हणाल्या, "बाहेर आहे. चाल बरोबर."

कवळी हसला. "वा! मोजपट्टीसुद्धा घरचीच झाली म्हणायची." बाकीचेही हसले. पंचबाई म्हणाल्या, "जे दिसलं ते मोजलं मी." त्यांनी मोजपट्टी टेबलावर ठेवली. त्या वेळी मला बोलता आले असते. मी कवळीच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला. त्याच्यामागे सैनिकांचे काचेचे कपाट होते. त्याची काच मीच कापून बसवली होती.

कवळीचा उजवा हात काचेतून आत गेला. अंगठ्याकडची शीर तुटली आहे. चिमटीत बारीक काही धरता येईल की नाही, हे डॉक्टर आज सांगत नाहीत.

दवाखान्याच्या जिन्यात पंचबाईंनी मला विचारले, "घोडदळाची पट्टी हलवली होतीस?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं." मग मामा आले व त्यांना म्हणाले, "पुढच्या रविवारपासून तू वर येऊ नकोस. लोक नाही नाही ते बोलतात." तेव्हाही मी तेथेच उभा होतो.

आज ठाण्यात येताना दादा म्हणाला, "तो पाय अडखळून पडला म्हण. पोरीनंही तेच सांगितलंय. तू आता शहाणपणा करू नकोस." पंचबाईंनी तसे का सांगितले ते मला माहीत नाही. माहीत नाही असे नाही, पण ते मी लिहून देणार नाही. त्यांचे ते सांगणे खरे नाही. त्यांचे मोजमाप खरे होते. खोटे मी समोर ठेवले होते. कवळीचे म्हणणे बरोबर होते, घोडदळ धाकात होते. हे मामांनाही कळवावे अशी विनंती आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'दोघांत झटापट झाली' असे आले होते, ते खोडायला सांगितले. कवळीच्या दोन्ही हातांत मेलेल्या सैनिकांचा ट्रे होता आणि काचेवर आदळेपर्यंत त्याने तो सोडला नाही. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे.