साऱ्या डिस्कवर नवं वाण

तुम्ही हसाल, पण सांगतोच. नेटवर लई तारीफ वाचून मी घरच्या कॉम्प्युटरची जुनी ईएक्सटी-फोर फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत, काढली आणि साऱ्या डिस्कवर नवी टाकली. तिसऱ्याच दिवशी लाइट गेली. परत आली तेव्हा ताईच्या लग्नाचा व्हिडिओ उघडेचना.

आमचे बाबा धानवाले. त्यांनी विचारलं, “जुनीनं कधी तरास देल्ला होता का गा?”

“नाई.”

“नवं वाण आलं तं आपून साऱ्या वावरात लावतो का?”

“नाई बाबा. पयले एका बांधीत लावून पाहतो.”

बाबांनी बियाण्याच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला आणि पन्नीत बांधलेला पेनड्राइव्ह काढला. त्यात अख्खं लग्न होतं!

मी नाचायचाच बाकी होतो. “बाबा, हे कधी ठेवलं?”

“तू कॉम्प्युटर शिकला, त्याच दिवशी.”